खोलिसिले फाटकाशी थांबतो

न्यू ब्रायटन या काळ्यांच्या वस्तीत खोलिसिले न्झामेलाला नावाने कुणी हाक मारत नाही. बरोबरीची माणसं त्याला कुळावरून 'ज्वारा' म्हणतात, धाकटी 'तात ज्वारा'. शनिवारी सकाळी तो मैदानावर चुन्याच्या रेषा मारत असला की टॅक्सीवाले काच खाली करून ओरडतात, "तात, यंदा तरी रेष सरळ येऊ दे!" तो नुसता हात वर करतो. मैदान समुद्राकडे उतरतं, त्याचा डावा गुडघाही त्याच बाजूला वळतो, त्यामुळे रेषही तिकडेच जाते. पाहुण्या क्लबांनी तक्रार केली तरी तिच्यात फरक पडत नाही.

तरुणपणी तो रग्बीत स्क्रमच्या, म्हणजे खांदे भिडवून रेटणाऱ्या घोळक्याच्या, मागून चेंडू काढून देणारा खेळाडू होता. बुटका, चपळ आणि तोंडाळ. उजवा कान तेव्हाच चुरगळला. पोटासाठी त्याने मोटारींच्या कारखान्यात गाड्यांना दारं बसवली, थेट निवृत्तीपर्यंत. पण हे कुणी सांगत नाही. त्याची ओळख करून देताना वस्तीत एकच गोष्ट सांगतात: हाच तो, ज्याने गोऱ्यांना नाही म्हटलं.

ती गोष्ट सत्तरच्या दशकातली. परदेशी संघ दौऱ्यावर आला होता. सरकारने रंगागणिक वेगळे संघ केले होते आणि काळ्यांच्या संघाला पाहुण्यांशी एक सामना दिला होता. त्यात जो खेळेल तो आंतरराष्ट्रीय खेळाडू ठरणार होता. न्यू ब्रायटनचे बहुतेक क्लब या व्यवस्थेच्या विरोधात होते. रंग पाहून केलेल्या संघात जो जाईल त्याच्याशी बोलणं बंद. तो मेला तर क्लबची माणसं ब्लेझर घालून शवपेटी उचलायला येणार नाहीत. इथे माणूस काय लायकीचा होता हे त्याच्या पेटीमागे किती ब्लेझर चालले यावरून ठरतं, तेव्हा ही धमकी लहान नव्हती. त्या संघात खोलिसिलेची निवड झाली. शुक्रवारी संध्याकाळी त्याला न्यायला गाडी आली आणि रिकामी परत गेली. शनिवारी सकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं होतं, ज्वाराने नाही म्हटलं.

खोलिसिलेने नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं. गाडी फाटकाशी थांबली आणि हॉर्न वाजला. तो अंघोळ करून, बूट घालून खुर्चीत बसला होता. ज्याला माणूस हवा असतो तो गाडीतून उतरतो, फाटकातून आत येतो, घरच्यांची विचारपूस करतो, मग काम सांगतो. गाडीतून कुणी उतरलं नाही. हॉर्न पुन्हा वाजला, मग लांबलचक वाजला. खोलिसिले बसून राहिला. गाडी गेली. पलंगाखाली त्याची पिशवी भरून तयार होती. त्याची बायको मामतोलो हिने ती ओढून काढली, मोजे परत खणात ठेवले, आणि त्या विषयावर आजवर चकार शब्द काढला नाही.

कुणी उतरून दार वाजवलं असतं तर? इथवर आला की त्याला पुढचं काही दिसत नाही. कधी तो स्वतःला उठताना पाहतो, कधी बसलेलाच पाहतो. कधी वाटतं, भीती त्या ब्लेझरांची होती. कधी वाटतं, राग हॉर्नचा होता. अन्यायाचा विचार तेव्हा डोक्यात होता का, हे त्याला खरंच आठवत नाही. असावा, कारण लोक तसं सांगतात. कायदे बदलल्यावर त्याचे सत्कार झाले, भाषणं झाली. तो टोपी हातात घेऊन ऐकत राहिला आणि प्रत्येक भाषणानंतर त्याची आठवण आणखी थोडी पुसट झाली.

नातू झिंगिसा आजी-आजोबांकडेच वाढला. शिष्यवृत्तीवर गोऱ्यांच्या निवासी शाळेत गेला, तिथे त्यांची भाषा, त्यांचे काटे-चमचे, त्यांच्या दारातून आतबाहेर करायची पद्धत सगळं शिकला आणि विशी ओलांडताच देशाच्या संघात पोचला. खोलिसिलेची त्यात निराळीच पंचाईत झाली. जुन्या काळी मैदानाच्या कडेला काळ्या प्रेक्षकांसाठी राखलेल्या पिंजऱ्यात उभं राहून तो आणि त्याचे मित्र देशाच्या संघाविरुद्ध ओरडत. पाहुणे कोणीही असोत, पाठिंबा त्यांना. कायदे बदलले, घसा बदलला नाही. नातू हिरव्या जर्सीत पहिल्यांदा धावला तेव्हा टीव्हीसमोर खोलिसिले सवयीने पाहुण्यांच्या नावाने ओरडला, आणि मामतोलोने हातातलं फडकं त्याच्या डोक्यात मारलं.

मग गेल्या मे महिन्यात ते झालं. झिंगिसा प्रांताच्या संघाकडून आतल्या भागातल्या एका शेतकरी गावात खेळायला गेला होता. सीमारेषेवर झेंडा घेऊन एक म्हातारा काळा पंच उभा होता. त्याचा एक निर्णय प्रेक्षकांतल्या एका माणसाला पटला नाही. त्याने पंचाला काळ्यांसाठीचा तो जुना शब्द वापरून शिवी दिली. तो शब्द आता कुणी उघडपणे उच्चारत नाही, असं सगळे धरून चालतात. आजूबाजूचे हसले. चेंडू तेव्हा झिंगिसाच्या हातात होता. त्याने तो काखेत मारला, मैदानाबाहेर पडला आणि थेट गाडीत जाऊन बसला. सामना तिथेच मोडला. चेंडू तेव्हापासून न्यू ब्रायटनला खोलिसिलेच्या कपाटावर होता.

आठवड्यात शिस्तपालन समितीचा फोन आला. सामना मोडणं हा गुन्हा आहे. समोर येऊन माफी मागितली तर ताकीद देऊन सोडू, परदेश दौऱ्यावरची जागा राहील. नाही तर हंगामभर बंदी, दौरा गेला. "आणि शिवी देणाऱ्याचं काय?" झिंगिसाने विचारलं. तो वेगळा विषय आहे, असं उत्तर आलं.

रविवारी चर्चमधून आल्यावर घरात बैठक बसली. खोलिसिलेचा चुलतभाऊ फुंडिले आला. तो निवृत्त बस ड्रायव्हर, पण त्याचं खरं काम लग्नाची बोलणी. नवऱ्याकडून बोलायला त्याला नेलं की मुलीकडचे वधूमूल्यात दोन गाई कमी घेऊन वर त्यालाच जेवू घालतात, असं म्हणतात. क्लबचा जुना कप्तान मेशेकही आला. झिंगिसा दाराशी, लहानांच्या जागी बसला. सगळ्यांना माहीत होतं खोलिसिले काय म्हणणार. मेशेक तर घरून निघतानाच ब्लेझर घालून आला होता.

"माफी मागू," खोलिसिले म्हणाला.

मेशेकने मक्याच्या बिअरचं भांडं खाली ठेवलं. "कोण? तू?"

"आपण. पोराने दुसऱ्याचा चेंडू आणलाय. तो परत करायला हवा की नको?"

"आणि शिवी?"

"शिवी काय चेंडूने दिली होती?"

मेशेकने फुंडिलेकडे पाहिलं. "याला ताप आहे का? हात लावून बघ."

"मी त्या शुक्रवारी बसून राहिलो," खोलिसिले म्हणाला. "त्यानंतर मी कुठे खेळलो? आपल्याच मैदानावर, आपल्याच धुळीत. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. खेळायचे दिवस माझे गेले, तुमचे नाही."

मेशेकने भांडं पुन्हा उचललं. खोलिसिलेला आपण हे खरं बोललो की रागाने, ते नीट कळलं नाही.

स्वयंपाकघरातून मामतोलोचा आवाज आला. "ज्याचं नाक कापलं जाणार त्याला कुणी विचारणार आहे, की माझे मका-घेवडे संपेपर्यंत तुमचंच चालणार?"

"विचारू की," फुंडिले म्हणाला. "झिंगिसा, बेटा, तुझं काय म्हणणं?"

"तुम्ही मोठे ठरवाल ते."

उत्तर चटकन आलं. जरा जास्तच चटकन, असं खोलिसिलेला वाटून गेलं.

फुंडिलेने मग सगळं लावून दिलं. माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत, तेव्हा ब्रँडीची एक बाटली. चेंडू. सगळ्यांनी ब्लेझर घालायचे. बोलायचं फक्त त्याने. "आणि तू," तो झिंगिसाला म्हणाला, "तू तोंड उघडायचं नाहीस. माझ्या मागे उभं राहायचं, खाली बघायचं. तू माफी मागितलीस तर ती पोरकट होईल. घराने मागितली तर तिला वजन येतं."

"हो, तात."

समिती बसायची होती तिच्या अध्यक्षाच्या ऑफिसात. तो वकील होता. सामना झाला होता त्याच गावात त्याचा बंगला, ऑफिसही त्यातच, पुढे गुलाबाची झाडं, कमरेइतकी भिंत आणि लोखंडी फाटक. फाटक सताड उघडं होतं. चौघे गाडीतून उतरले, फाटकाबाहेर ओळीत उभे राहिले आणि मोठ्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या. मग ते थांबले.

गंभीर कामासाठी दुसऱ्याच्या घरी गेलं की फाटकाशी थांबायचं, हे तिघांपैकी कुणाला सांगावं लागलं नाही. घरातून कुणीतरी येतं, कोण तुम्ही, कुठले, काय काम काढलंत, असं विचारतं. मग आत जायचं. लग्नाच्या बोलणीला तर मुद्दाम ताटकळत ठेवतात. फुंडिलेला एकदा सकाळपासून दुपार कलेपर्यंत उभं केलं होतं आणि शेवटी त्याच घराने मेंढा कापला होता. त्यामुळे पहिला बराच वेळ कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

फुंडिले खाकरला. खिडकीचा पडदा हलला. एक बाई डोकावली आणि पडदा बंद झाला.

"बघितलं त्यांनी," मेशेक म्हणाला.

"बघितलं ना? आता येईल कुणीतरी."

एक माणूस दारात आला. चार ब्लेझर, तीन टोप्या, काखेतला चेंडू हे सगळं त्याने पाहिलं. आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

"हे काय?" मेशेकने विचारलं.

"आवराआवर करत असतील," फुंडिले म्हणाला. पण त्याचा आवाज तेवढा पक्का नव्हता.

रस्त्यापलीकडून एका मुलीने फोनवर त्यांचा फोटो काढला. खोलिसिलेचा गुडघा दुखायला लागला. तो वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेत राहिला. मधूनच तो झिंगिसाकडे पाही. झिंगिसा सांगितल्याप्रमाणे खाली बघत होता. फुंडिलेने बाटली या हातातून त्या हातात घेतली. शेवटी बंगल्याच्या बाजूने एक गाडी आली. तिला फाटकातून बाहेर जायचं होतं. चौघे बाजूला झाले, मोठ्यांनी वाकून नमस्कार केला. काच वरच होती. गाडी निघून गेली.

"जेवायला गेले असतील," फुंडिले म्हणाला.

ते परत आले नाहीत.

परतीच्या वाटेवर मेशेक आणि फुंडिले पुढच्या सीटवर त्या घराच्या वळणाबद्दल बोलत होते. पाणी नाही, खुर्ची नाही, मेंढपाळाला सुद्धा असं उभं करत नाहीत. खोलिसिले मागे नातवाशेजारी बसला होता.

"झिंगिसा, ते लोक बोलवायला येत नाहीत का?"

"नाही. दार उघडं असलं की आपणच जायचं. वेळ दिलेली असते."

"तुला हे माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

झिंगिसा खिडकीबाहेर बघत होता. "मोठे उभे असताना फाटकाशी मी तोंड उघडू? तुम्हीच सांगितलं होतं ना, तात."

त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. थट्टाही नव्हती. खोलिसिले घर येईपर्यंत त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. पोराने आज्ञा पाळली होती की आज्ञेच्या आडून आपला निकाल आपणच लावून घेतला होता, हे त्याला ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो वर्तमानपत्रात आला. माफी मागण्यास खेळाडूचा नकार, कुटुंबीयांची मूक निदर्शनं, असं खाली लिहिलं होतं. समितीच्या एका सदस्याने म्हटलं होतं की बाहेरचं वातावरण पाहून दार बंद करावं लागलं. न्यू ब्रायटनमध्ये दिवसभर माणसं येत राहिली. पिठाचे तळलेले गोळे आले, कोंबडी आली, कुणी रडलंही.

"आम्ही निदर्शनं करत नव्हतो," खोलिसिले प्रत्येकाला सांगत होता. "आम्ही बोलावण्याची वाट बघत होतो."

"बोलावण्याची वाट!" लोक मांडीवर थाप मारून हसत. "तात ज्वारा, काय बोललात! तेव्हाही असंच केलं होतंत ना?"

त्याने मामतोलोकडे पाहिलं. ती कोंबडी सोलत होती. तिने मान वर केली नाही.

निवडणूक जवळ आली होती. मंत्र्यांच्या ऑफिसातून विचारणा झाली आणि समितीचा पुन्हा फोन आला. गुरुवारी या, ही शेवटची संधी. दौऱ्याचं विमान शनिवारी होतं.

"या वेळी थांबायचं नाही," खोलिसिलेने सगळ्यांना बजावलं. "फाटक उघडं असेल. सरळ चालत जायचं, दार ढकलायचं, आत जाऊन उभं राहायचं."

"चोरासारखं?" फुंडिलेने विचारलं.

"त्यांच्यासारखं."

गुरुवारी फाटक उघडंच होतं. पण फाटकाबाहेर आधीच एक माणूस उभा होता. काळा सूट, कॉलर इस्त्रीने चकाकणारी, टोपी दोन्ही हातांत पोटाशी धरलेली. झिंगिसाने त्याला ओळखलं. तो सीमारेषेवरचा पंच होता. फुंडिलेने आपलं कूळ सांगितलं, म्हाताऱ्याने आपलं. तो म्पिंगा होता.

"म्पिंगा, तुम्ही इथे?"

"साक्षीला बोलावलंय."

"मग आत का नाही गेलात?"

"अजून कुणी आलं नाही न्यायला," म्हातारा म्हणाला. "येतील."

"मागच्या वेळीही आला होतात?"

"मागच्या वेळी नव्हतं बोलावलं."

खोलिसिलेचा एक पाय फाटकाच्या आत होता. तो त्याने तिथेच ठेवला. सरळ चालत जायचं तर या माणसाच्या अंगावरून जावं लागणार होतं.

वकील व्हरांड्यात आला. हात खिशात. या वेळी त्याने दार उघडं ठेवलं होतं. फाटकाकडे पाहून तो मोठ्याने म्हणाला, "झिंगिसा! ये, आत ये. बाकीच्यांनी तिथेच थांबलं तरी हरकत नाही."

फुंडिले खोलिसिलेच्या कानाशी वाकला. "भावा, हे बोलावणं म्हणायचं का?"

खोलिसिलेला माहीत नव्हतं. हा हॉर्नही नव्हता आणि विचारपूसही नव्हती. माणूस घराबाहेर आला होता, पण पायऱ्या उतरला नव्हता. नावाने हाक मारली होती, पण एकालाच. विमान परवा होतं. आत जा म्हणावं, तर तोंडून शब्द निघेना. नको म्हणावं, तरी निघेना. मग त्याने जे कधी केलं नसतं ते केलं. मोठ्यांच्या देखत, फाटकाशी, त्याने सगळ्यांत लहान माणसाला विचारलं.

"झिंगिसा, सांग. हे बोलावणं आहे का?"

झिंगिसाने मान वर केली. व्हरांड्याकडे पाहिलं, मग म्पिंगाकडे.

"मला बोलावलंय, तात," तो म्हणाला. "यांना नाही बोलावलं."

खोलिसिलेने फाटकातला पाय बाहेर घेतला. बाहेर घेतल्यावर त्याला बरं वाटलं, आणि बरं का वाटलं हे कळेना. गुडघ्यामुळे असेल.

"फुंडिले, तू बोल," तो म्हणाला. "ह्यांच्याशी."

फुंडिले क्षणभर गोंधळला, पण बोलणी हा त्याचा हातखंडा होता. तो म्पिंगासमोर उभा राहिला, दोन्ही कुळांचे पूर्वज आठवून झाले, आणि मग त्याने ज्वारा घराण्यातर्फे माफी मागितली. आमच्या पोराने तुमचा सामना मोडला. तुमच्या हाताखालचा चेंडू उचलून नेला. घर लाजलंय. झिंगिसाने दोन्ही हातांनी चेंडू पुढे केला. व्हरांड्यात वकिलाने हात खिशातून बाहेर काढले होते. आता त्यांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

म्पिंगाने चेंडू घेतला, दाबून पाहिला. "हवा गेलीय."

"भरून देतो," झिंगिसा म्हणाला.

"राहू दे. खरं सांगू? सामना चालू राहायला हवा होता. आणि तो निर्णय माझा... चुकलाही असेल. डोळे आता तेवढे राहिले नाहीत."

फुंडिलेने बाटली पुढे केली.

"सोडलीय मी," म्पिंगा म्हणाला. मग थोडा विचार करून त्याने ती घेतली. "जावई पितो."

आतून पुन्हा हाक आली, या वेळी घड्याळाचा उल्लेख करून. झिंगिसाने आजोबांकडे पाहिलं आणि परत खाली बघायला लागला. मोठे टोप्या घालून गाडीकडे वळले, तो मागोमाग आला. म्पिंगा मात्र गेला नाही. बाटली आणि चेंडू सांभाळत तो फाटकाशी उभाच राहिला. त्याला साक्षीला बोलावलं होतं.

बंदीची बातमी रेडिओवर लागली तेव्हा ते अजून रस्त्यातच होते. मेशेकने रेडिओ बंद केला. झिंगिसा झोपला होता, किंवा डोळे मिटून बसला होता.

न्यू ब्रायटनला घराशी पोचले तेव्हा फाटक बंद होतं. फुंडिलेने सवयीने हॉर्न वाजवला. पडदा हलला. पुन्हा वाजवला.

"हॉर्न वाजवल्यावर बाहेर येणारी मी नव्हे," आतून मामतोलो ओरडली. "या घरातून कुणीच येत नाही!"

खोलिसिले उतरला, कडी काढली, आत गेला, दाराशी टोपी काढून तिची विचारपूस केली. ती ओट्याशी होती. शनिवारच्या विमानासाठी भरून ठेवलेली झिंगिसाची मोठी बॅग तिच्या पायाशी पडली होती.

"आत गेलात?"

"नाही."

"बोलावलं नाही त्यांनी?"

खोलिसिले खुर्चीत बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"कळलं नाही," तो म्हणाला.

मामतोलोने ओले हात पुसले, बॅग उघडली आणि त्यातले मोजे बाहेर काढायला सुरुवात केली.